जीपची मागची सीट

वलगावची प्रणाली शेतातले पंप दुरुस्त करते. पावसाळ्यात काळ्या मातीत तिची स्कूटर रुतायची, म्हणून ती पातूरच्या खुशालरावांची जुनी जीप घ्यायला गेली. व्यवहार ठरला.

“मागची सीट काढा लागन काका, मोटारी ठेवाले,” ती म्हणाली.

खुशालरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, सीटवरून हात फिरवला. “काढ वं माय. पण भंगारात नको देऊ. माह्या दोन्ही पोरी याच सीटवर बसून सासरी गेल्या.”

प्रणालीनं पाना घेतला, सीट सोडवली आणि त्यांच्याच ओसरीवर नेऊन ठेवली. मनकर्णाबाई तिच्यावर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “या न, बसा. सारा जलम तुमी समोर अन् मी मागं.”

खुशालराव शेजारी बसले. जीप दिसेनाशी झाली तरी दोघं तिचा आवाज ऐकत राहिले.