आईच्या नावापुढे माझा अंगठा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्से वाचून मी आजवर हसलेच आहे. गावात देवाला गाऱ्हाणं घालायला सगळे आत गेले की बाहेर चपला सांभाळत उभी राहणारी बाई मी! पण गेले आठ महिने डोकं चालेनासं झालंय, म्हणून लिहिते...

मी रत्नागिरीत एका ऑफिसात क्लार्क आहे. माहेर हातखंब्याजवळ. आईने तीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांवरच्या रेषा पार जळून गेलेल्या. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी लागलाच नाही. "माझा हात कोरा हाय," म्हणून हसायची.

तिच्या पोटात कॅन्सर निघाला. मी तिला अल्सर सांगितलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऑपरेशन जोखमीचं आहे. झालं तर कदाचित काही महिने मिळतील. त्यांना सगळं सांगितलंय ना?"

मी म्हटलं, "हो."

खोटं! साफ खोटं. सकाळीच आई म्हणाली होती, "माला कापू नको गो बाय. काय असंल ता खरा सांग, नायतर घरी ने." पण मला ती हवी होती हो... वडील कधीच गेले, मी एकुलती एक. मी कोणाकडे बघायचं?

सिस्टरने ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म आणि शाईचं पॅड हातात दिलं – आईचा अंगठा घेऊन या. कागद तिच्यासमोर धरला असता तर तिने दहा प्रश्न विचारले असते. मी जिन्यातच थांबले, आईच्या नावापुढे माझा उजवा अंगठा उठवला आणि ओढणीला पुसला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आईने डोळे उघडले. माझा उजवा हात ओढून घेतला, अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला नि विचारलं, "शाई गेली काय गो?"

 त्यानंतर ती बोललीच नाही. चौथ्या दिवशी गेली.

तेराव्यानंतर कामावर गेले, तर हजेरीच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. मशीन बिघडलं असेल म्हटलं, तर बाकी सगळ्यांचे लागत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं – "रेषा व्यवस्थित आहेत की!" अहो, मलाही दिसतात! शेवटी आधार केंद्रात गेले. तिथल्या मुलीने चारदा अंगठा दाबून घेतला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. नऊ बोटं स्वच्छ. उजव्या अंगठ्याच्या जागी नुसता कोरा डाग.

"ताई, काजूच्या कारखान्यात होतात काय? तिकडच्या बायांचं असंच येतं."

मी जन्मात एक कच्ची बी फोडलेली नाही.

शाई नखात राहिली असेल, भुलीत माणूस काहीही बोलतं – हे सगळं स्वतःला सांगून झालंय. मशीनचं काय सांगू? कोणाला कळलं तर मलाही कळवा. फक्त 'आईने माफ केलं असेल' असं लिहू नका. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला जिन्यात उभी असतानाच माहीत होतं.