बेलभंडाराचा साक्षीदार
फटाक्यांच्या दारूचा वास आला, की वडिलांनी सुरुंग लावून खोदलेली दुष्काळातली विहीर आठवते. वडील ठेकेदार, विहीर गावच्या सोसायटीची. खाली काळा पाषाण लागला, तेव्हा जादा खोदाईचे पैसे द्यायचं सोसायटीच्या चेअरमननं गावच्या भैरवनाथापुढं बेलभंडार उचलून कबूल केलं. पाणी लागलं आणि तो फिरला. कळंबचे वकील म्हणाले, “तोंडी करारावरही दावा चालतो. फक्त साक्षीदार आणा.” वडील हसले. चेअरमननं शपथ घेतली तेव्हा अख्खा गाव हजर होता. आम्ही थेट विहिरीवर गेलो. काठावर चेअरमनचा माणूस मर्जीप्रमाणं पाणी भरू देत होता. भंडाऱ्याचं ताट धरणारा गुरव रांगेतच होता. वडिलांनी त्याला साक्षीला बोलावलं. त्यानं काठाकडं पाहिलं, रिकामी घागर पोटाशी धरली. “मला कायबी आठवंना, ठेकेदार.” मागची तोंडं एकेक करून फिरली. आजही कुणी साक्षीदार आहे म्हणालं, की मी आधी विचारतो, तो पाणी कुणाच्या विहिरीचं पितो?