गेटवर टांगलेले पाइप

“मॅडम, लिहा. ऑइल कमी, ग्राहकाचा निष्काळजीपणा, क्लेम रिजेक्ट.”

कंपनीचे एरिया इंजिनिअर देसाई साहेब पुण्याहून आले होते आणि त्यांना परतीची गाडी गाठायची घाई होती. मी पेन उचललं नाही.

“ऑइल कमी नव्हतं, साहेब. इंजिनखालचं ऑइल चेंबर माझ्यासमोर खोललं. ऑइल पुरेपूर होतं.”

“मग इंजिन सीझ कसं झालं?”

“ते सांगायलाच तुम्हाला बोलावलंय ना.”

साहेबांनी चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. जालन्याच्या नवीन जालना भागात आमची जीपची डीलरशिप होती. पुढे शोरूम, मागे वर्कशॉप आणि दोन्हींच्या मधल्या खोलीत मी. वॉरंटी इन्चार्ज. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलेली वर्कशॉपमधली एकटी बाई. त्यामुळे आत येणारा प्रत्येक माणूस मला आधी पावत्या फाडणारी समजायचा. माझं काम असं: वॉरंटीच्या मुदतीत गाडीत काही बिघडलं, तर दोष कंपनीचा की चालवणाऱ्याचा, याचा रिपोर्ट करायचा. दोष कंपनीचा निघाला तर पार्ट फुकट. चालवणाऱ्याचा निघाला तर त्याचं नशीब.

या वेळी चालवणारा होता रफिकभाई. जालना ते भोकरदन प्रवासी जीप. गाडी नवीकोरी, घरात कमावणारी तीच एक. एक दिवस भर रस्त्यात इंजिन जाम झालं. सीझ होणं म्हणजे हेच. आतल्या भागांना तेल मिळालं नाही की ते तापतात, एकमेकांना चिकटतात आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. तेव्हापासून जीप इंजिन काढलेल्या अवस्थेत आमच्या आवारात उभी होती. रफिकभाई रोज सकाळी यायचा, न चालणाऱ्या गाडीची काच पुसायचा आणि माझ्या दारात उभा राहायचा.

“ताई, मी सकाळी तेलाची डिपस्टिक पाहूनच निघाल्तो. मी खोटं बोलून राह्यलो का?”

“नाही, रफिकभाई.”

“मंग लिहून द्या ना तसं.”

मी तसंच लिहून देणार होते. पण देसाई साहेब उठून थेट जीपकडे गेले, आत वाकले आणि हसतच परत आले.

“बघा तुमचा गरीब ग्राहक. ऑइल प्रेशरच्या लाइटवर स्टिकर चिकटवलंय. लाइट लागला तरी दिसणार कसा? निष्काळजीपणा. आता लिहा.”

ऑइल प्रेशरचा लाइट म्हणजे डॅशबोर्डवरचा छोटा लाल दिवा. तेल पोचत नसलं की तो लागतो आणि गाडी ताबडतोब थांबवायची असते. मी जाऊन पाहिलं. खरोखरच त्या दिव्यावर हिरव्या-सोनेरी रंगाचं ७८६चं स्टिकर होतं. रफिकभाईचं तोंड उतरलं. मला मात्र ते स्टिकर ओळखीचं वाटलं.

मी साहेबांना शोरूममध्ये घेऊन गेले. तिथे डिलिव्हरीला निघालेली एक नवी जीप उभी होती. बॉनेटवर हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू, हार, पेढे. आणि डॅशबोर्डवर, बरोबर त्याच दिव्यावर, लक्ष्मीचं स्टिकर. आमच्याकडे रिवाजच होता. गाडी देताना पूजा करायची आणि शोरूमतर्फे शुभ म्हणून स्टिकर लावायचं. हिंदू ग्राहकाला लक्ष्मी, मुसलमान ग्राहकाला ७८६. डीलरशिपचे मालक शेठजी, त्यांनी दोन्हींचे गठ्ठे छापून आणलेले. आणि लावायला सपाट, गुळगुळीत जागा सापडायची ती नेमकी त्या दिव्याची.

“हा निष्काळजीपणा कोणाचा लिहू, साहेब?” मी विचारलं.

शेठजी शेजारीच उभे होते. ते एकदम पेढ्यांचा पुडा शोधायला लागले.

साहेबांनी क्लेम रिजेक्ट केला नाही आणि पासही केला नाही. ‘विचाराधीन’ ठेवला. जाताना हुकूम सोडला, “जुने पार्ट साठवलेत ते सगळे गॅस कटरने कापून टाका.”

हे नेहमीचंच होतं. वॉरंटीत बदललेला पार्ट चिठ्ठी लावून आम्ही मांडणीवर ठेवायचो. कंपनीचा माणूस बघून गेला की तो पार्ट कापून भंगारात टाकायचो, म्हणजे कुणी तो पुन्हा गाडीत बसवणार नाही. मी कटरवाल्याला बोलावलं आणि पार्ट एकेक करून खाली काढायला घेतले. काढता काढता माझा हात थांबला. ऑइलचे स्ट्रेनर पाइप ढीगभर होते; एकेक करून आले तेव्हा लक्षात आलं नव्हतं, पण सगळे एकाच जागी तडकलेले.

हा पाइप इंजिनच्या पोटात असतो. खालच्या चेंबरमधलं तेल तो वर खेचून देतो. तो तडकला की भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस पिण्यासारखं होतं. रस ग्लासात असतोच, पण तोंडात येते हवा. मी जाऊन रफिकभाईच्या काढलेल्या इंजिनात पाहिलं, तिथला पाइपही त्याच जागी तडकला होता. म्हणून त्याच्या चेंबरमध्ये तेल भरलेलं होतं आणि इंजिन तरीही कोरडं मेलं.

मी स्पेअर्सच्या काउंटरवर जाऊन कंपनीकडून आलेला नवा पाइप मागितला. खोका उघडला आणि दोन्ही पाइप शेजारी शेजारी ठेवले. जुन्याला धरून ठेवणारी पट्टी बारीक आणि एका बोल्टची. नव्याला रुंद ब्रॅकेट, दोन बोल्टचं. म्हणजे पुण्यात कुणाला तरी सगळं ठाऊक होतं. त्यांनी पार्ट सुधारला होता, नव्या गाड्यांत तो बसवलाही होता. फक्त रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. मला इतका संताप आला की कटरवाल्याला मी चहा न देताच परत पाठवलं.

देसाई साहेबांना फोन लावला.

“ते प्रॉडक्ट इम्प्रूव्हमेंट आहे, मॅडम. दोष नाही.”

“मग जुन्या गाड्या बोलावून बदलून द्या.”

“त्याला रिकॉल म्हणतात. आपल्याकडे तसा काही कायदा नाही. आणि पार्ट कापले का?”

“नाही. कापणारही नाही.”

रिकॉल म्हणजे कंपनीने स्वतःहून सांगायचं की आमच्या या या गाड्यांमध्ये चूक राहिली आहे, घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो. एवढंच. त्या काळी आमच्या धंद्यात हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे.

दुसऱ्या दिवशी शेठजी लग्नाला औरंगाबादला गेले. मी तडकलेले पाइप तारेत ओवले आणि वर्कशॉपच्या गेटवर, लिंबू-मिरचीच्या शेजारी टांगले. खाली एक नवा पाइप आणि खडूने लिहिलेला फळा: ‘तुमच्या जीपमध्ये यातला कोणता आहे? तपासून घ्या. जुना असल्यास फुकट बदलून मिळेल.’

फुकट हा शब्द मी माझ्या अधिकारात लिहिला होता. अधिकार मला नव्हता.

वाटलं होतं, लोक धन्यवाद देतील. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवर जीपवाल्यांचा घोळका आला तो भांडायला. पुढे धावडा गावचे जनार्दन नाना. भोकरदन स्टँडवर कोणती जीप आधी सुटणार याचा नंबर तेच लावायचे, त्यामुळे त्यांचा शब्द चालायचा.

“बाई, हा फळा काढा.”

“का, नाना?”

“का म्हंजे? गावभर बोंब झाली की या जीपमधी खोट हाय. पॅसिंजर बसंना. माझी गाडी इकायची चाल्लीय, गिऱ्हाईक मागं फिरलं.”

“पाइप तडकला तर गाडी विकायलाही उरणार नाही.”

“आमच्या गाड्यांला काय बी न्हाई झालं. त्या रफिकची गेली, तर तुमी समद्यांच्या कपाळी डाग लावून राह्यल्या.”

रफिकभाई बाजूलाच होता. तो आपल्या गाडीची काच पुसत राहिला. मला नानांचा राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे गाडी परत बोलावली की गाडी खराब असं लोक समजतात. खराब गाडी आणि दुरुस्त झालेली गाडी यांत फरक असतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

“असं करा,” मी म्हटलं. “तुमची जीप रॅम्पवर घ्या. सगळ्यांसमोर चेंबर खोलते. पाइप धडधाकट निघाला, तर फळा माझ्या हाताने उतरवते.”

नानांनी मागे पाहिलं. माघार घेणं शक्य नव्हतं. जीप रॅम्पवर चढली, तेल काढलं, चेंबर खाली आलं. मी टॉर्च घेऊन खाली गेले. पाइप पाहिला, बोटाने चाचपला, पुन्हा पाहिला.

पाइप धडधाकट होता. पट्टीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

“आता?” नाना वरून म्हणाले. मागे हशा पिकला.

मी हात पुसले, गेटवर गेले आणि फळा उतरवला. शब्द दिला होता. डोळ्यांत पाणी येत होतं ते संतापाचं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी तारेची गाठ सोडण्यात नको इतका वेळ घालवला.

तेवढ्यात घोळक्यातून एक शांत आवाज आला. जांब समर्थला भाविकांना नेणारा विठ्ठल नावाचा जीपवाला होता.

“मॅडम, माझीबी खोला. आत्ता. परवा पाह्यटं मंदिराची फेरी हाय, लहान लेकरं हायेत गाडीत.”

त्याची जीप रॅम्पवर घेतली. चेंबर खाली आलं. या वेळी मी खाली गेलेच नाही.

“नाना, तुम्हीच बघा.”

नाना धोतर सावरत रॅम्पखाली शिरले. मग बोट लावलं असावं, कारण टक्कन आवाज आला आणि पाइप त्यांच्या हातात आला. ते तो हातात घेऊनच बाहेर आले.

नाना पाइपाकडे बघत म्हणाले, “बाई, तो फळा टांगा परत. अन् माझाबी बदला.”

“तुमचा चांगला आहे, नाना.”

“आज हाय. उंद्या?”

त्या संध्याकाळी भोकरदन स्टँडवर नानांनी नवा नियम काढला. पाइप बदलल्याशिवाय नंबर मिळणार नाही. मग काय विचारता. पहाटेपासून आमच्या गेटवर जीपची रांग. शेठजी लग्नाहून परतले तर त्यांना स्वतःच्या शोरूममध्ये शिरायला वाट मिळेना.

“कोणाला विचारून हे केलं?”

“कोणालाही नाही, शेठजी. काढायला सांगा, काढते. मग गेटवर उभी राहून तोंडाने सांगेन.”

शेठजी तावातावाने बोलायला लागले, तेवढ्यात त्यांची नजर ऑइलच्या काउंटरवर गेली. चेंबर खोललं की तेल नवं भरावं लागतं आणि तेल काही फुकट नव्हतं. काउंटरवर झुंबड होती. शेठजी सावकाश म्हणाले, “अक्षर तरी नीट काढायचं होतंत.” पुढच्या फळ्याला त्यांनी पेंटर लावला.

पाइप संपले तेव्हा कंपनीला मागणी गेली. एकट्या जालन्याहून इतके पाइप का, म्हणून देसाई साहेब स्वतः आले. आवार भरलेलं, नाना खुर्चीवर, पाइप गेटवर. साहेब हुशार माणूस. ते कुणावर ओरडले नाहीत. आठवडाभरात कंपनीचा कापडी बॅनर आला: ‘भव्य मोफत तपासणी शिबिर’. त्यात पाइपाचा उल्लेख नव्हता. दोष हा शब्द तर नव्हताच. पण पाइप मात्र खोक्यांवर खोके आले.

राहिला रफिकभाई. त्याच्यासाठी साहेबांनी टाइप केलेला कागद आणला होता.

“कंपनी नवीन इंजिन देतेय. फक्त इथे सही करा.”

रफिकभाईने कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचला. बिघाड माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, तरीही कंपनी सद्भावनेने, गुडविल म्हणून, इंजिन देत आहे, असा मजकूर होता.

रफिकभाईने पेन बंद करून परत केलं.

“गलती माझी न्हाई, साहेब. मी सही न्हाई करणार.”

“अरे, इंजिन फुकट मिळतंय.”

“गाडी अजून उभी राहू द्या. पण माझ्या लेकराला कुणी म्हणायला नको की तुझ्या बापानं बिनाआईल गाडी चालवली. मी ड्रायव्हर हाय.”

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, समजवा याला.”

“मला तर समजलं,” मी म्हटलं. “रांगेतल्या लोकांना बाहेर जाऊन वाचून दाखवू का हा कागद?”

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

इंजिन यायला वेळ लागला, पण आलं. सहीशिवाय. सोबतच्या पावतीवर गुडविल हा एक शब्द तेवढा होता. रफिकभाईने त्यावर बोट ठेवून विचारलं, “गुडविल म्हंजे काय, ताई?”

“म्हणजे चूक आमचीच आहे, पण आम्ही तसं म्हणणार नाही.”

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. गाडी सुरू करून आवारात गोल फिरवली आणि हॉर्न वाजवत भोकरदनच्या रस्त्याला लागला.

आजकाल कंपन्या गाड्या परत बोलावतात तेव्हा पेपरात बातमी येते आणि ओळखीचे लोक घाबरून मला फोन करतात की आमची गाडी खराब निघाली का. मी सांगते, कंपनी बोलावतेय ना, मग आज जा. बोलावत नाही त्या कंपनीची काळजी करा. तुमच्यासारखीच गाडी असलेल्या चार लोकांना विचारा, त्यांचं काय बिघडलं. आणि काहीही फुकट मिळत असलं तरी वाचल्याशिवाय सही करू नका.

माझं काय झालं, तेही सांगते. वर्षअखेरीला मला वॉरंटीतून हलवलं. शिक्षा म्हणून शोरूमच्या डिलिव्हरी टेबलावर बसवलं: हार आणायचे, पेढे वाटायचे, पूजेचं ताट सांभाळायचं. मी निमूट गेले. पहिल्याच सकाळी ड्रॉवरमधून लक्ष्मीचा आणि ७८६चा असे दोन्ही गठ्ठे बाहेर काढले आणि तिथल्या पोरांना दाखवून दिलं, स्टिकर यापुढे त्या लाल दिव्यापासून दूर, काचेच्या कोपऱ्यात लागेल. मी तिथे होते तोवर ते तिथेच लागलं.