टणटण वाजणारं टरबूज

मायचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बसस्टँडवर उभी होते. "गेले तुझे बाबूजी," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "बरं झालं, खाऊन गेले." शेजारच्या बाईनं चमकून पाहिलं. माय मात्र शांतपणे म्हणाली, "हो बाई, खाऊन गेले." रडू आम्हा दोघींना नंतर आलं, आधी हायसं वाटलं...

बाबूजींचं कोहमाऱ्याला हायवेवर टायर पंक्चरचं दुकान होतं. ट्रकच्या टायरवर सळई ठोकून नुसत्या आवाजावरून ते हवा ओळखायचे, आणि त्यात कधी चुकत नसत. घोटाळा एवढाच, की नवेगावबांधच्या आमच्या घरामागच्या बाडीत मायनं लावलेल्या टरबुजांनाही ते तोच न्याय लावत. टणटण वाजलं म्हणजे माल पक्का! टरबुजाचं नेमकं उलटं असतं. कच्चं टणटणतं, पिकलं की ढबढब बोलतं. पण धीर हा प्रकार त्यांच्याजवळ नव्हताच. दुकानातून आले, हातपाय धुतले, की बाडीत शिरून सगळ्यात टणक फळ तोडून आणायचे. फोड फिकट गुलाबी, कधी चक्क पांढरी निघायची. ते मीठ लावून चवीनं खायचे, माय निमूट खायची, आणि मी शेजारी जाऊन खरं टरबूज खायचे. "घरचं आहे, बाजारासारखं रंग मारलेलं नाही," असं वर बाबूजी आम्हालाच ऐकवायचे.

यंदा छातीच्या दुखण्यानं ते खाटेला लागले. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं. अन्न जाईना. मागणं एकच, बाडीतलं टरबूज. आम्ही खाट वेलापाशी, आंब्याच्या सावलीत नेली. ते हात लांबवून जवळचं फळ ठोकायचे. "टणटण वाजून राहिलं. तोड."

"नाही जी," माय म्हणायची. "देठाजवळची तार हिरवी आहे अजून."

तार म्हणजे वेलाची ती वळलेली बारीक काडी. ती वाळली आणि फळाची मातीला टेकलेली बाजू पिवळी पडली, की टरबूज तयार. तोडल्यावर ते पिकत नाही, म्हणून चुकलं की चुकलंच. पण मला तर माणूस रोज खंगताना दिसत होता. मी मायला आत नेऊन म्हटलं, "देऊन टाक. जन्मभर कच्चंच खाल्लं त्यांनी. तार वाळायच्या आधी ते गेले तर?"

"आखरीले तरी पिकलेलं खाऊ दे," ती म्हणाली, आणि हटली नाही. मला तिचा फार राग आला होता.

एका सकाळी तार वाळलेली दिसली. बाबूजींनी फळ ठोकलं आणि तोंड वाकडं केलं. "हवा गेली याची." मायनं सुरी चालवली. आत लालभडक. त्यांनी एक फोड खाल्ली, दुसरी उचलली आणि मायकडे पाहून म्हणाले, "इतके वर्स मी कच्चेच तोडत होतो काय वं?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी खुशीनं आणत होते."

त्यांनी हातातली दुसरी फोड तिच्यापुढे धरली. "खा. तुलेही कच्चेच चारले मी." तिनं ती त्यांच्या हातूनच खाल्ली. मी निर्धास्त होऊन गोंदियाला परतले, आणि मग तो फोन.

तेरवी होऊन गेली. खाट अजून वेलापाशीच आहे, संध्याकाळी माय तिच्यावर बसते. परवा मी घरी गेले तर एका फळाची तार पार वाळलेली, खालची बाजू पिवळी. तोडू का, विचारलं.

"राहू दे आणखी दोन दिवस," माय म्हणाली. "आता कोणाले घाई आहे?"