अव्वांना ऐकू आलेलं व्हायोलिन

मी शाळेत विज्ञान शिकवते. असले अनुभव कुणी सांगायला लागलं की मी हळूच उठून आत जाते... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही कोल्हापुरात, कळंब्याला राहतो – मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणतात. चार वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि अव्वांचे दोन्ही कान गेले. नस निकामी झालीय, मशीनचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अख्खी गल्ली गाजवणारी बाई... बोलायचीच थांबली. ताटसुद्धा स्वतःच्या खोलीत नेऊ लागली. काही सांगायचं तर आम्ही पाटीवर लिहायचो.

मी हौस म्हणून चेलो शिकते – व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून वाजवायचा. पुण्याच्या सरांनी त्यांच्या हौशी वाद्यवृंदाबरोबर वाजवायला अठराव्या शतकातला एक कॉन्चेर्टो – युरोपातली तीन भागांची रचना – दिला होता. त्याच्या संथ भागात व्हायोलिनं चाल वाजवत असतात आणि चेलो नुसता एक सूर लांबवर धरून आत येतो. घरी एकटीनं वाजवताना अर्थात तेवढा एकच सूर.

त्या रविवारी दुपारी मी तो सूर धरून बसले होते. अव्वा दारात आल्या.

"त्ये बारीक बारीक कोण वाजवायलंय गं?"

कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला! नवरा कागलला ड्युटीवर, शेजारी कुलूप. मी पाटीवर लिहिलं – मी एकटीच आहे.

"तुझं न्हवं. त्ये वरचं. थांबलीस का? वाजीव की!"

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून मी पुन्हा वाजवायला घेतलं. अव्वा पलंगावर टेकल्या आणि गुणगुणू लागल्या. मूळ चाल नव्हती ती... भलतंच काहीतरी. मी ते सरांना पाठवलं.

लगेच फोन आला. "कोण आहेत या?"

"सासूबाई. ऐकू येत नाही त्यांना."

"अहो, ही दुसऱ्या व्हायोलिनची ओळ आहे. चालीखाली दबलेली असते. ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, वाजवणाऱ्यालाच ठाऊक."

माझ्याकडे फक्त चेलोच्या स्वरलिपीचे कागद होते. ती ओळ मलाही माहीत नव्हती.

अव्वांचे कान पुन्हा तपासले. काडीचाही फरक नाही. मग कार्यक्रमाला त्यांना पुण्याला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. नंतर पाटी पुढे केली – ऐकू आलं?

"न्हाय बाई. नुसतं हात हलत हुतं समद्यांचं."

मला रडूच आलं.

"रडतीस कशाला? घरात येतंय की ऐकू."

आणि येतं. आजही. अव्वा आता आमच्या पंगतीला बसतात, मोठ्यानं भांडतातसुद्धा. हे कसं होतं ते सरांना सांगता येत नाही, डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच. परवा न राहवून लिहिलं – कोण वाजवतं, अव्वा?

त्यांनी पाटी वाचली, बाजूला ठेवली.

"मला काय ठावं? आपण इचारलं आन् त्ये उठून गेलं, तर गं?"