दारावरून पुढे गेलेली गाडी

पोलीस ठाण्याची प्रमुख म्हणजे गावाची थोरली बहीण, असं मला आता वाटतं. कुणाचं काही सांडलं की हाक हिलाच. सकाळी खुर्चीत टेकते न टेकते तोच बांधावरून भांडणारे भाऊ दारात उभे असतात. त्यांना समजावून घसा बसेपर्यंत चौकात उसाचा ट्रॅक्टर कलंडतो, तोही मीच उभा करायचा. लोक गाऱ्हाणं मराठीत सांगतात, मी ते कानडीत लिहून घेते, आणि शेवटी दोन्हीकडचे म्हणतात, ‘मॅडम तिकडच्याच.’ बेळगावजवळच्या मराठी खेड्यात जन्मले आणि कर्नाटकाची वर्दी अंगावर घातली, आता तक्रार कुणाकडे करू? संध्याकाळी पट्टा सोडला की कमरेवर त्याचा वळ उठलेला असतो. खरं सांगायचं तर मी थकले आहे.

निपाणीकडच्या एका लहान गावात होते तेव्हा माझा सगळ्यात नावडता दिवस म्हणजे एक नोव्हेंबर. कर्नाटक राज्याच्या स्थापनेचा उत्सव तो, आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. एकीकडे झेंडे, एकीकडे काळ्या फिती आणि मधे उन्हात आम्ही. तिथली रीत जुनी होती. काळ्या दिवसाच्या निषेध फेरीला परवानगी नसायची, म्हणून फेरी निघायच्या आधीच आमची व्हॅन गल्लोगल्ली फिरून सीमालढ्याच्या जुन्या कार्यकर्त्यांना दारातूनच उचलायची. दिवसभर मंगल कार्यालयात बसवायचं, उप्पीट आणि चहा द्यायचा, दिवस कलला की घरी सोडायचं. म्हाताऱ्यांनाही हे पाठ होतं. धुतलेलं धोतर नेसून, गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन ते कट्ट्यावर तयार असायचे. माझे वडीलही आमच्या गावात असेच बसत. ‘लग्नाला निघाल्यागत नटतंय बघ म्हातारं,’ असं आई म्हणायची.

त्या वर्षी आदल्या दिवशी एक जण ठाण्यात आला. बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला होता, सुट्टी काढून घरी आला होता. त्याचे वडील म्हणजे गावातले सगळ्यात जुने कार्यकर्ते, सगळ्यांचे आप्पा.

“मॅडम, औंदा आप्पास्नी न्हेऊ नगा,” तो हात जोडून म्हणाला. “काळजाचं आपरेशन झालंय. गर्दी, घोषणा... सोसायचं न्हाय त्येंला.”

मला पटलं. कोठडीत नाही तरी माझ्या ताब्यात असताना म्हातारा दगावला, तर माझीही धडगत नव्हती. व्हॅनवरच्या हवालदाराला मी सांगून ठेवलं, आप्पांचं दार सोडून द्या. एक काम कमी झालं म्हणून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात सगळे म्हातारे गोळा झाले. उप्पिटाचं पातेलं आलं, पण कुणी ताटली उचलेना. “आप्पा कुठं हाईत?” एवढाच प्रश्न. मी उत्तर देणार तोच माझा फोन वाजला. आप्पांची सून रडत होती.

“मॅडम, मामंजी सकाळधरनं कट्ट्यावरच बसल्यात. गाडी दारावरनं फुडं गेली आन् त्येंनी तोंडात पाणी घेतलं न्हाय. गोळीबी घेईनात. कुणाचं ऐकंनात.”

ऑपरेशन झालेल्या माणसाची गोळी चुकली होती आणि ती माझ्या दयेपायी चुकली होती. मला स्वतःचाच भयंकर राग आला. जीप घेऊन मी स्वतः निघाले.

आप्पा उन्हात ताठ बसले होते. टोपी पांढरीशुभ्र, दंडाला काळी फीत. मुलगा शेजारी मान खाली घालून उभा.

“आप्पा, आत चला. ऊन लागतंय,” मी म्हटलं.

“लागू दे. मी मेलोय म्हणूनच गाडी फुडं गेली न्हवं?”

“तुमच्या तब्येतीसाठी थांबलो आम्ही.”

“तब्येत माझी हाय. काळा दिवसबी माझा हाय.” “ह्या गल्लीत मला कोण वळखतंय पोरी आता? पोरं मोबाइलात. वर्षातनं एकदा सरकार दारात येतंय, तवा मला वाटतंय, हाय बाबा, अजून मी हाय.”

माझे वडील डोळ्यांसमोर आले आणि भर गल्लीत वर्दीवर मला रडू फुटेल असं वाटलं. मी मुलाकडे पाहिलं. त्याने डोळे पुसले आणि गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

“उठा आप्पा,” मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. “चला. अटक आहे तुम्हाला.”

ते उठले. मी हलकेच दंडाला धरलं, तर मला खेकसले, “जरा वडून धर की! लोक बघाय लागल्यात.”

कार्यालयात त्यांना पाहून म्हाताऱ्यांनी घोषणा दिल्या. त्या माझ्या खात्याच्याच विरुद्ध होत्या, पण मी आप्पांपुढे ताटली सरकवली. आप्पांनी उप्पीट खाल्लं, माझ्यासमोर गोळी घेतली. संध्याकाळी मी त्यांना जीपनेच घरी सोडलं. उतरताना त्यांनी विचारलं, “तुझी बदली कवा?”

“होईल पुढच्या वर्षी.”

“मग नव्या सायबाला माझं घर दावून जा.”

पुढच्या उन्हाळ्यात बदली झालीच. माझ्या जागी आलेला अधिकारी तरुण होता, म्हैसूरकडचा, मराठीचं अक्षर न येणारा. त्याला गाव दाखवायला मी पायी फिरवलं. बाजार, शाळा, भांडणाची घरं, सगळं झाल्यावर आप्पांच्या गल्लीत नेलं. ते कट्ट्यावर होते, आता पार वाळलेले. दोन वर्द्या एकदम दारात पाहून त्यांनी घाईघाईने टोपी चाचपली.

“आजच हाय व्हय गं?”

“नाही आप्पा, अजून वेळ आहे,” मी म्हटलं.

नव्या साहेबाने मला कानडीत हळूच विचारलं, यांच्यावर गुन्हा कसला आहे?

“काहीच नाही,” मी सांगितलं. “पण वर्षातून एकदा यांना अटक करायची. विसरू नका.”