आप्पांनी राखून ठेवलेला डेटा

नेटची केबल ओढणाऱ्याला लोक चहा देतात आणि त्याच्यासमोर सगळं बोलतात. कट्टा गावाच्या आसपास शिड्या चढून माझ्याकडे वायरीपेक्षा किस्सेच जास्त जमलेत. ऐकायला घरी कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

०

परेश समोरच्या कंपनीचा लाइनमन. त्यांनी नाक्यावर 'अनलिमिटेड'चा बॅनर लावला, तसे आमचे साहेब म्हणाले, "आपलोपण लाव!"

"पण साहेब, आपल्याक लिमिट आसा."

"ती खाली बारीक लिव!"

जवळ जाऊन बघितलं, तर त्यांच्या बॅनरवरही खाली बारीक काहीतरी होतंच! तेव्हापासून परेश आणि मी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो, बोलत मात्र नाही.

०

एका माडावरून दोघांच्याही केबल गेल्या होत्या. नारळ काढताना पाडेल्याचा कोयता लागून दोन्ही तुटल्या. आम्ही तणतणत पोचलो, तर तो वरूनच ओरडला, "दोघांचीव तोडलंय, भांडान नको!"

०

शेवंतीकाकींची तक्रार ठरलेली, "नेट चलना नाय." जाऊन बघावं तर नेट धावतंय!

"काकी, चलता मां?"

"चलांदे. बस, घावणे घालतंय. तक्रार केली नाय तर तू येतंस खंय?"

पोटभर घावणे खाल्ले आणि 'दुरुस्त केलं' असं कळवून टाकलं.

०

वाडीतलं शेवटचं घर आप्पांचं, मोबाइलला रेंजच नाही, सगळं आमच्या नेटवर. मुलगा मुंबईत, घरूनच काम करणारा. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून दिवसभर व्हिडिओ कॉल, बोलणं जवळपास नाहीच. महिना अर्धा सरला की डेटा खलास.

"आप्पा, बोलूचा नसात तेव्हा बंद करा."

"बोलूक कित्याक होया? तो थंय जेवता, मी हंय जेवतंय."

एकदा माझ्यासमोरच नेट अडकलं. पडद्यावर मुलगा तोंडात घास घेऊन थिजला. मी बंद करायला गेलो, तर आप्पांनी हात धरला.

"ऱ्हवांदे. तोंड दिसता मां."

मी हात मागे घेतला.

०

यंदा चतुर्थीला मुलाला रजा मिळाली नाही. आमच्याकडे बाप्पासमोर एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकट्याचं गाऱ्हाणं कसलं? तेव्हा मुलाने व्हिडिओ कॉलवरून साथ द्यायची असं ठरलं. आप्पांनी बियाण्याचा भात राखावा तसा डेटा राखला. सगळे कॉल बंद!

"चतुर्थीक पुरूक होयो," म्हणाले.

आणि नेमकी त्याच सकाळी झावळ पडून केबल तुटली. माझीही, परेशचीही.

मी आप्पांच्या घरासमोरच्या खळ्यात शिडी लावली, परेश पलीकडच्या खांबावर चढला. जोड घालायला वेळ लागणार होता आणि नैवेद्य निवत चालला होता. उघड्या दारातून आप्पा दिसत होते. थोडा वेळ फोनकडे बघत राहिले, मग हात जोडून एकटेच उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, माजो झील थंय एकटो आसा. तेची राखण कर रे म्हाराजा!"

सवयीने आप्पा थांबले. घरात कोणीच नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" मी शिडीवरून ओरडलो.

आणि पलीकडच्या खांबावरून परेश, माझ्याहून मोठ्याने, "व्हय म्हाराजा!"